ईमेलने आलेले पॅच लागत नाहीत, आणि छोट्या टूल्समध्ये नवा फ्लॅग कधी घ्यावा?

रिकामी_ओळ:
सी९९मध्ये लिहिलेल्या छोट्या युनिक्स टूल्सच्या संचावर आम्ही चौघे मिळून काम करतो. मांडणी सकलेस या गटाच्या एसबेस या टूल-संचासारखी: प्रत्येक टूलची एकच सी फाइल, सगळ्यांना लागणारी फंक्शन्स एका लहान लायब्ररीत, लायसन एमआयटी. पॅच (कोडमधला बदल सांगणारा मजकूर) मेलिंग लिस्टवर येतात आणि 'गिट एएम'ने (मेलमधला पॅच लावणारी गिटची आज्ञा) घेतले जातात. तीन ठिकाणी गाडी अडते.

पॅच वाचताना ठीक दिसतो, पण लावायला गेलं की कधी 'करप्ट पॅच' तर कधी 'पॅच डझ नॉट अप्लाय'. दोन्हींचं कारण एकच की वेगळं?

'कॅट'ला '-एन' (ओळींना क्रमांक) आणि 'कट'ला '--आउटपुट-डिलिमिटर' (निवडलेल्या फील्डमध्ये नवा विभाजक) हे फ्लॅग द्या, असे दोन पॅच आलेत. कोड दोन्हींचा स्वच्छ आहे. घ्यावेत का?

आणि नुसतं वाचून सापडत नाहीत अशा चुका कोणत्या? त्या पकडायच्या कशा?

टॅबआठ:
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. कारणं वेगळी आहेत आणि एरर वाचूनच ती ओळखता येतात.

'करप्ट पॅच' आला की बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या मेल प्रोग्रामने लांब ओळ मोडलेली असते. डिफच्या (पॅचमधल्या बदललेल्या ओळींच्या यादीच्या) प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर '@@'मध्ये पुढे किती ओळी येणार ते लिहिलेलं असतं, आणि त्यातली प्रत्येक ओळ स्पेस, अधिक किंवा उणे चिन्हाने सुरू व्हावी लागते. मोडलेल्या ओळीचं शेपूट यातल्या कशानेच सुरू होत नाही, म्हणून गिट तिथेच थांबतं.

'डझ नॉट अप्लाय'मध्ये पॅचची रचना शाबूत असते, पण आजूबाजूच्या ओळी फाइलशी जुळत नाहीत. एकतर पॅच जुन्या कमिटवर केलेला असतो, नाहीतर वाटेत टॅबच्या स्पेस झालेल्या असतात. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मेल कच्च्या स्वरूपात सेव्ह करा आणि 'सेड -एन एल'मधून पाहा: जिथे टॅब हवा तिथे '\टी' छापून यायला पाहिजे. 'फॉरमॅट=फ्लोड' प्रकारचा मेल आणखी एक घोळ करतो. स्पेसने सुरू होणाऱ्या ओळीला तो आणखी एक स्पेस जोडतो, आणि डिफमधली न बदललेली प्रत्येक ओळ स्पेसनेच सुरू होते.

'गिट एएम --इग्नोर-व्हाइटस्पेस' देऊन वेळ मारून नेऊ नका. त्याने जुळवणी सैल होते आणि पॅच लागतो, पण नव्या ओळी स्पेससकटच रेपोत शिरतात. पुढचे चांगले पॅच मग त्यांच्यावर आपटतात.

इलाज पाठवणाऱ्याच्या बाजूला आहे. पॅच मेलच्या खिडकीत चिकटवायचाच नाही. 'गिट फॉरमॅट-पॅच'ने फाइल बनवायची आणि 'गिट सेंड-ईमेल'ने पाठवायची. गिटच्या कॉन्फिगमध्ये 'सेंडईमेल'खाली सर्व्हर, पोर्ट (बहुधा ५८७), एन्क्रिप्शन 'टीएलएस' आणि युजर भरला की झालं. खात्यावर दोन टप्प्यांचं लॉगिन असेल तर नेहमीचा पासवर्ड बहुधा चालत नाही, त्या अ‍ॅपसाठी वेगळा काढावा लागतो. 'फॉरमॅट.यूजऑटोबेस' चालू ठेवा आणि ब्रांचला अपस्ट्रीम लावलेला असू द्या, म्हणजे पॅचच्या तळाशी 'बेस-कमिट' येतं आणि तो कशावर बेतलाय हे विचारत बसावं लागत नाही. लिस्टवर टाकण्याआधी एकदा स्वतःलाच पाठवा, आलेला मेल कच्चा सेव्ह करून कोऱ्या ब्रांचवर लावून पाहा.

दुरुस्त आवृत्ती '-व्ही२' देऊन काढा आणि काय बदललं ते तीन डॅशांच्या खाली लिहा. तिथला मजकूर कमिट मेसेजमध्ये जात नाही. घेणाऱ्याने 'गिट एएम -३' वापरावं. मूळ फाइलची ती आवृत्ती रेपोत असेल तर गिट तीन बाजूंचा मर्ज करून पाहतं.

पाइपपुढे:
फ्लॅगबद्दल. कोड स्वच्छ आहे हे फ्लॅग घेण्याचं कारण होऊ शकत नाही. आत आलेला फ्लॅग लोकांच्या स्क्रिप्टमध्ये जाऊन बसतो आणि मग काढता येत नाही. म्हणून आधी पॉसिक्समध्ये (युनिक्स टूल्सच्या प्रमाण नियमांत) आहे का ते पाहा. नसेल तर तेच काम पाइपने तंतोतंत होतं का ते तपासा. 'जवळपास होतं' म्हणून नाही म्हणणं पॅच पाठवणाऱ्यावर अन्याय आहे.

'कट'चं उदाहरण घ्या. 'कट -डी : -एफ १,३ | टीआर : ,' एवढ्याने भागतं, आणि ते खरोखर तंतोतंत आहे: ':' हाच विभाजक असल्यामुळे तो कुठल्या फील्डच्या आत असूच शकत नाही. ज्या ओळीत ':' नाही ती 'कट' जशीच्या तशी सोडतो, तिथे 'टीआर'लाही बदलण्यासारखं काही सापडत नाही. नवा विभाजक एकाहून जास्त अक्षरांचा हवा असेल तर 'टीआर'ऐवजी 'सेड'. हा पॅच मी नाकारेन.

'कॅट -एन'चं उत्तर इतकं सरळ नाही. पॉसिक्समध्ये 'कॅट'ला फक्त '-यू' आहे. लोक चटकन 'एनएल' (ओळींना क्रमांक देणारं टूल) सुचवतात, पण 'एनएल' मुळात रिकाम्या ओळींना क्रमांक देत नाही, त्यासाठी '-बी ए' लागतं. शिवाय ज्या ओळीत फक्त '\:\:\:' आहे तिला तो पानाचा शीर्षभाग समजतो आणि क्रमांक पुन्हा १ पासून सुरू करतो. पॉसिक्सचा 'एनएल' एकच फाइल घेतो, हेही आहे. बिनचूक पर्याय 'ऑक'चा: 'एनआर' (ओळीचा क्रमांक) सहा जागांत, मग टॅब, मग पूर्ण ओळ छापायची. एका ओळीचं काम आहे. ते मॅन पेजच्या उदाहरणांत घाला आणि पॅच पाठवणाऱ्याला तसं उत्तर द्या. 'आम्ही मिनिमलिस्ट आहोत' एवढंच लिहून परत पाठवू नका. त्याची गरज खरी आहे.

उलट बाजू: 'फाइंड -प्रिंट०' आणि 'एक्सआर्ग्ज -०', म्हणजे फाइलची नावं न्यूलाइनऐवजी शून्य बाइटने वेगळी करणारे फ्लॅग. फाइलच्या नावात न्यूलाइन चालते, त्यामुळे ओळींवर चालणारा कुठलाही पाइप इथे नेमकं काम करू शकत नाही. हे दोन्ही २०२४च्या पॉसिक्समध्ये आले. असा फ्लॅग आला तर घ्या.

डीडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरसारखं 'मूळ कोड लहान, बाकीचे पॅच बाहेर' हे या टूल्सना मानवत नाही. विंडो मॅनेजर एकाच माणसाचा असतो. 'कट' मात्र दुसऱ्याने लिहिलेल्या स्क्रिप्ट चालवतो, आणि त्या स्क्रिप्टला इथे कोणता पॅच लावलाय हे कळायला मार्ग नाही.

सीनव्व्याण्णव:
वाचून न सापडणाऱ्या चुकांत सगळ्यात जास्त वेळा निसटते ती आउटपुटची. लिनक्सवर हे चालवा:

./हेड लहानफाइल > /डेव्ह/फुल; इको $?

'/डेव्ह/फुल'वर लिहिलं की नेहमी 'जागा शिल्लक नाही' हा एरर येतो, म्हणजे इथे शून्य छापून आलं तर टूल खोटं बोलतंय. कारण असं: आउटपुट फाइलकडे वळवलं की स्टँडर्ड आउटपुट पूर्ण बफरने चालतं. 'प्रिंटएफ' मजकूर फक्त बफरमध्ये टाकतं आणि यशस्वी म्हणून परततं. खरं लिहिणं प्रोग्राम संपताना होतं, आणि तोवर 'मेन' शून्य देऊन मोकळं झालेलं असतं. डिस्क भरलेली असताना बॅकअपची स्क्रिप्ट 'झालं' म्हणते ती अशी.

एसबेसमध्ये यासाठी 'एफशट' आहे: फ्लश करतं, एरर पाहतं, बंद करतं. शेवटी स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुट दोन्हींवर ते बोलावून निकाल एका '|'ने जोडतात. तिथे कोणी 'सुधारणा' म्हणून '||' केलं तर पहिलं अपयशी ठरताच दुसरं बोलावलंच जात नाही. रिव्ह्यूमध्ये ही एक काडी बघा.

दुसरी चूक: 'गेटसी'चं (एक बाइट वाचणारं फंक्शन) उत्तर 'कॅर'मध्ये ठेवणं. एक्स८६वर 'कॅर' साधारणपणे चिन्हासहित असतो, त्यामुळे २५५ मूल्याचा बाइट 'ईओएफ'सारखा (फाइल संपल्याची खूण) दिसतो आणि फाइल मध्येच संपते. एआरएम लिनक्सवर तो चिन्हाविना असतो, 'ईओएफ' कधी जुळतच नाही आणि लूप संपत नाही. व्हेरिएबल 'इंट' हवं. तपासायला २५५चा बाइट मध्ये असलेलं इनपुट द्या. त्याच फेरीत रिकामी फाइल, शेवटी न्यूलाइन नसलेली फाइल आणि मध्ये शून्य बाइट असलेली फाइलही चालवा.

'सीएमपी', 'ग्रेप' आणि 'सॉर्ट -सी' यांच्यात १ हा एरर नाही, ते उत्तर आहे: फरक आहे, जुळलं नाही, क्रम बरोबर नाही. एरर १ पेक्षा मोठा हवा. सगळ्या टूल्ससाठी एकच 'एरर छापून १ने बाहेर पड' फंक्शन असेल तर ही तिन्ही चुकतात.

आणि 'टी'ला (इनपुट पुढे पाठवता पाठवता फाइलींतही लिहिणारं टूल) बफर नको, पॉसिक्स तसं स्पष्ट सांगतं. थेट 'रीड' आणि 'राइट' वापरा. एका फाइलवर लिहिणं फसलं तरी बाकीच्यांवर लिहीत राहायचं आणि शेवटी शून्य नसलेला कोड द्यायचा.

रिकामी_ओळ:
'/डेव्ह/फुल' लगेच चालवलं. 'कट' आणि 'युनिक' शून्य देतात. आणखी एक: एका पॅचनंतर बीएसडीवर बिल्ड तुटतंय. कंपायलरला इनपुट फाइलच मिळत नाही. लिनक्सवर ठीक आहे.

टॅबआठ:
मेकफाइलमध्ये '$<' शोधा. ते म्हणजे स्रोत फाइलचं नाव. पॉसिक्समध्ये त्याला अर्थ आहे तो फक्त '.सी.ओ'सारख्या सामान्य नियमात. नाव घेऊन लिहिलेल्या टार्गेटखाली ग्नू मेक ते भरून देतं, बीएसडीचं मेक रिकामं सोडतं. तिथे फाइलचं नाव लिहून टाका. '$(वाइल्डकार्ड)' आणि '$(शेल)' ही फंक्शन्सही ग्नूचीच आहेत. लिनक्सवर बीमेक (बीएसडीचं मेक) टाकून त्यानेही बिल्ड करा, म्हणजे बीएसडीवर जाण्याआधीच हे दिसेल.

सीनव्व्याण्णव:
त्याच मेकफाइलमध्ये '-डी_पॉसिक्स_सी_सोर्स=२००८०९एल' आहे ना तेही बघा. ते नसताना '-एसटीडी=सी९९' दिलं की ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) 'स्ट्रडप'चं (स्ट्रिंगची प्रत करणारं फंक्शन) डिक्लेरेशन लपवते. जुने कंपायलर नुसती वॉर्निंग देऊन परत आलेला पॉइंटर 'इंट' समजतात, आणि ६४ बिटांवर त्याचा वरचा अर्धा भाग उडतो. जीसीसी १४पासून हा थेट एरर आहे. मालिकेतला प्रत्येक कमिट वेगळा बिल्ड होतो का ते 'गिट रीबेस -एक्स मेक'ने पाहा, नाहीतर पुढे 'गिट बायसेक्ट' (चूक कोणत्या कमिटपासून आली ते शोधणारी आज्ञा) मध्येच तुटलेल्या कमिटवर अडकेल.