पाळीतलं दुखणं 'असतंच' म्हणून सोडलं, की तपासलं? एंडोमेट्रिओसिसचे अनुभव

परवा भाचीने विचारलं, "मावशी, तुला कसं कळलं गं, की हे जरा जास्तच आहे म्हणून?" मला उत्तर देता येईना, कारण मला ते कळलंच नव्हतं. दहावीपासून पाळीचे पहिले दोन दिवस मी बाथरूमच्या फरशीवर गाल टेकून पडायचे. फरशी गार असते म्हणून. आईला तसंच, आजीलाही तसंच. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करायची, ओटीपोटावर ठेवायची आणि गप पडायचं. ३४व्या वर्षी मूल राहत नाही म्हणून तपासायला गेले, तर डाव्या अंडाशयात साडेपाच सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ. "इतके दिवस दुखलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं. "नाही, नेहमीसारखंच," मी म्हणाले.

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, म्हणजे अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयावर वाढतात, तिथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १९ कोटी जणींना, म्हणजे पाळीच्या वयातल्या साधारण दहांतल्या एकीला हे असतं. आणि सख्ख्या नात्यात असेल तर आपल्याला असण्याची शक्यता वाढते. 'आईलाही तसंच' हे वाक्य आमच्या घरात समजूत घालायला वापरलं जायचं. ते खरं तर डॉक्टरांना सांगायला हवं होतं.

तुमचं लिहा. कशामुळे तपासायचं ठरवलं, किंवा नाही ठरवलं. औषधांचे डोस मात्र इथे विचारू नका.

शेवंती
मला पाळीपेक्षा पोटाचाच त्रास. त्या चार दिवसांत शौचाला बसलं की आतून सुरी फिरवल्यासारखं. एकदा जुलाब, एकदा गच्च. तीन वर्षं 'आयबीएस (आतड्याच्या हालचालीचा त्रास) आहे, टेन्शन घेऊ नका' ऐकलं, कोलोनोस्कोपी (आतड्यात दुर्बीण घालून तपासणी) झाली, गहू बंद झाला, दूध बंद झालं.

दूध बंद केल्यामुळेच कळलं, हे सांगितलं तर हसाल. आमच्याकडे कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहितात. मी तिथेच पोटदुखीची फुली मारायला लागले, दुधाचा संबंध आहे का ते बघायला. पाळीची तारीख तर आधीपासून त्याच चौकोनात गोलात असायची. चार महिन्यांनी पानं उलटून पाहिली तर सगळ्या फुल्या गोलांच्या आजूबाजूला. दुधाशी काही देणंघेणं नाही. ती चार पानं फाडून डॉक्टरबाईंपुढे ठेवली. त्यांनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवून ऐकलं. एमआरआयमध्ये गुदाशय आणि गर्भाशयाच्या मधोमध गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आता डायनोजेस्ट या हार्मोनच्या गोळीवर आहे. अधूनमधून डाग पडतात, चिडचिड होते, पण बँकेत काउंटरवर बसू शकते.

रात्रपाळी
शेवंतीताई, कालनिर्णयची आयडिया उचलली. माझी नोंद म्हणजे मेफ्टाल स्पास या पोटदुखीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. महिन्याला एक संपायचं, आता दोन. हे दुखणं वाढल्याचं लक्षण असतं हे मला पाकिटं मोजेपर्यंत सुचलं नाही.

माणगंगा
आमच्याकडे या दुखण्यावर एकच उपाय, पिशवी काढून टाका. माझ्या मावशीची २९व्या वर्षी काढली, दोन्ही अंडाशयांसकट. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, महिन्याचे चार दिवस खाडा परवडत नाही. २०१९ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांवरून एवढा गदारोळ झाला, सरकारने समिती नेमली, तेव्हा मावशी म्हणाली, "मग आमचं काय चुकलं? दुखत होतं." ती खोटं बोलत नव्हती. पण काय दुखत होतं ते कुणी पाहिलं नाही. पिशवी गेली तरी आतड्यावर काही चिकटलेलं असेल तर ते तसंच राहतं. तिला आजही डाव्या बाजूला कळ येते, आणि तिशीतच अंगाची आग व्हायला लागली, हाडं दुखायला लागली, ते वेगळंच.

अनामिका
इथे कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. संबंधाच्या वेळचं दुखणं. वरवरचं नाही, खूप आत, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत राहणारं. पाच वर्षं मला वाटलं मी घाबरते. नवऱ्याला वाटलं मला तो नको आहे. कुणालाच काही बोलता येईना. इंग्लंडला आल्यावर इथल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं आणि मी सरळ सांगितलं. मराठीत माझ्याकडे त्याला शब्दच नव्हता. इंग्रजीत दुसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं वाटलं, म्हणून जमलं.

लातूरकर_२३
मी २३ वर्षांची, लग्न झालेलं नाही. पाळीत उलट्या होतात, एकदा कॉलेजच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडले. पोटावरून सोनोग्राफी केली, 'नॉर्मल'. डॉक्टर म्हणाले, आतून तपासणी लग्नाआधी करता येत नाही, आणि लग्न झालं, एक मूल झालं की आपोआप थांबेल. आई म्हणते, नसतं नाव चिकटलं तर स्थळं यायची बंद होतील. खरं सांगू, मलाही थोडं तसंच वाटतं. काय करू?

काळी_स्क्रीन
मी रेडिओलॉजिस्ट आहे. लातूरकर, तुझ्या रिपोर्टवर 'नॉर्मल' आहे त्याचा अर्थ मोठी सिस्ट दिसली नाही, एवढाच. पातळ, पसरलेले डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत, एमआरआयमध्येही सहसा दिसत नाहीत. शिवाय चिठ्ठीवर नुसतं 'पोटदुखी' लिहून आलं तर मी पित्ताशय बघते, किडन्या बघते, मुतखडा शोधते. 'एंडोमेट्रिओसिसची शंका' लिहिलेलं असलं तर आतून करताना मी गर्भाशय आणि आतडं एकमेकांवरून सरकतात का तेही बघते. चिकटलेली असली तर सरकत नाहीत. त्यामुळे आधी चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाच.

आतून तपासणी तुझ्या संमतीवर ठरते, लग्नावर नाही. नको असेल तर एमआरआय आहे, गुदमार्गाने सोनोग्राफी आहे. सीए-१२५ची रक्तचाचणी कुणी सुचवली तर तिच्यावरून निदान होत नाही. टीबीतही ती वाढते, आणि आजार असूनही नॉर्मल येऊ शकते. मुलाबद्दल म्हणशील, तर गरोदरपणात पाळी बंद असते म्हणून अनेकींना बरं वाटतं. पाळी सुरू झाली की बऱ्याच जणींचं दुखणंही परत येतं.

नीरफणस
मी फोंड्याची, वय ४६. मी तपासणी पुरी केली नाही, आणि मला पस्तावा नाही. लक्षणं सगळी होती, बहिणीला तर दुर्बिणीने निदान झालेलं. माझ्या डॉक्टर म्हणाल्या, पूर्वी पोटात दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय खात्री मानत नसत. २०२२च्या युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांनी ते बदललं. आता लक्षणांवरून औषध सुरू करून बघता येतं. सोनोग्राफीत सिस्ट नव्हती, मूल आणखी नको होतं. मिरेना (गर्भाशयात बसवायचं, हार्मोन सोडणारं साधन) बसवून घेतली. सहा महिन्यांनी पहिल्यांदा चतुर्थीला पाळीच्या दिवसांत उभी राहून नेवऱ्या तळल्या. (सोवळंओवळं आमच्याकडे आता कुणी विचारत नाही, म्हणून तळता आल्या.) बहिणीला मूल हवं होतं, तिने ऑपरेशन केलं. दोघींचं बरोबर.

धागाकर्ती
बहिणीवरून आठवलं. सिस्ट काढायचं ठरलं आणि पुढे मूल हवं असेल तर आधी एएमएच (अंडाशयात बीजांडं किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) करून घ्या. सिस्टच्या भिंतीबरोबर चांगली बीजांडंही जातात. मला हे ऑपरेशननंतर कळलं.

टाका
सिझेरियनच्या व्रणाशेजारी लिंबाएवढी गाठ, दर महिन्याला चार दिवस ठणकणारी. हर्निया म्हणून सर्जनकडे पाठवलं होतं. तेच निघालं, व्रणात रुजलेलं. पाळीशी संबंध आहे का, हे मलाच विचारावं लागलं.

उगवतीकडे
माझं सांगावं की नाही, दोन दिवस विचार केला. मी सगळं वाचलं होतं, माझी खात्री होती. लॅपरोस्कोपी, म्हणजे तीच पोटातली दुर्बीण, केली. भूल उतरल्यावर डॉक्टर हसत म्हणाले, "काही नाही, आत सगळं स्वच्छ आहे." सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मी पाठ फिरवून रडले. बरं वाटायला हवं होतं ना? पण मला वाटलं, आता मी खोटी ठरले. नव्वद हजारांची खोटी. घरात कुणी बोललं नाही, पण पुढच्या पाळीत मी कण्हले नाही. ओठ चावून पडून राहिले.

वर्षभराने एका फिजिओथेरपिस्टने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासले. दोरखंडासारखे आवळलेले. वर्षानुवर्षं दुखणं सोसताना अंग आवळून धरायची सवय लागलेली. व्यायामाने निम्मं कमी झालं. उरलेलं निम्मं कशाचं, ते अजून शोधतेय. 'स्वच्छ आहे' म्हणजे 'दुखत नाही' असं नव्हे, हे मला आता घरच्यांना सांगता येतं.

लातूरकर_२३
सगळ्या ताईंचे आभार. चिठ्ठी शोधली, खरंच नुसतं 'पोटदुखी' लिहिलंय. आईला नीरफणसताईंचं वाचून दाखवलं. स्थळांबद्दल ती काही बोलली नाही. "तुझ्या वयाची असताना मलाही उलट्या व्हायच्या," एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला उठली. अजून काही ठरलेलं नाही. एक विचारायचं होतं, दुसरी सोनोग्राफी करायची झाली तर पाळी संपायची वाट बघावी लागते का?

काळी_स्क्रीन
नाही, पाळीतही करता येते. फक्त अंडाशयात रक्ताची गाठ दिसली तर घाबरू नकोस. साधी असली तर ती आपली आपण विरते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी परत बघतात. पहिला रिपोर्ट फेकू नकोस. आणि आईला सोबत ने, उलट्यांचं तिच्याच तोंडून सांगू दे.