मदत हवी आहे: सुबाभळी काढून देशी झाडं लावायची आहेत

पुणे, सोसायटीची मोकळी जागा, साधारण 12 गुंठे. फूटभर माती, खाली मुरूम. कुंपणाकडेला 14 सुबाभळी, मधे एक जुना वर्षावृक्ष, दोन गुलमोहर. परवानगी घेऊन चार सुबाभळी जमिनीलगत कापल्या, तर प्रत्येक बुंध्यातून दहा-बारा फुटवे आले. उरलेलं सगळं एकदमच साफ करून जूनमध्ये बहावा, ताम्हण, पळस लावावेत का?

उत्तर १
एकदम साफ करू नका. सुबाभळीचं बी जमिनीत कित्येक वर्षं टिकतं. सावली गेली की सगळं एकदम उगवतं. यंदा चार-पाचच काढा, तीही शेंगा वाळण्याआधी. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी उरलेल्या झाडांसाठीही लागेल. फुटवे वीतभर असतानाच हाताने ओरबाडून काढा, दर तीन आठवड्यांनी. कात्रीने छाटलेत तर तिथूनच पुन्हा फुटतात. बियांतून उगवलेली सुबाभळीची रोपं पावसात माती भिजलेली असताना सोटमुळासकट उपटा, उन्हाळ्यात ती वर तुटतात.

वर्षावृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा, गुलमोहर मादागास्करचा, पण परदेशी म्हणून सरसकट कुऱ्हाड चालवण्यात अर्थ नाही. ती दोन्ही सुबाभळीसारखी पसरत नाहीत. वर्षावृक्षाच्या पसाऱ्याखाली खड्डे मात्र खणू नका, मुळं तुटतील.

खड्डा 3×3×3 फूट, मे महिन्यातच खणून तापू द्या. तीन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत. नुसतं खत भरलंत तर ते खचतं आणि रोप खड्ड्यात बसतं. मुरमातल्या खड्ड्यात पावसाचं पाणी हौदासारखं साचतं, बहाव्याला ते सोसत नाही. त्याला उंचवट्यावर लावा, सखल बाजूला ताम्हण.

धागाकर्ता
पिशवीतली पाच फुटी रोपं घेऊ का? आणि कुंपणावरून विजेच्या तारा गेल्यात.

उत्तर २
तारांखाली झाड नकोच. तिथे कुडा, निरगुडी, अडुळसा लावा, चार फुटांवर एक. कुडा वाढला तर छाटावा लागेल.

पाच फुटी रोपाची पिशवी आधी फाडून बघा. तळाशी मुळं गोल गुंडाळलेली असतील तर तेवढी वेटोळी कापून टाका, नाहीतर झाड पुढे वाऱ्यात आडवं होतं. पळस मात्र लहानच घ्या, वीत-दीड वीत. त्याचं सोटमूळ पिशवीत वाकलं की रोप अडून बसतं. एरवीही पहिली काही वर्षं तो वर फारसा वाढलेला दिसत नाही, म्हणून मेला समजून उपटू नका. गवत काढणाऱ्याला दिसेल अशी काठी शेजारी रोवा.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा, रोपामागे 15-20 लिटर पाणी. आळं बुंध्यापासून हातभर लांब, त्यात पालापाचोळा. वर्षावृक्षाचा भरपूर मिळेल.