‘तपासलं नाही’ हे अहवालात लिहायचं की नाही?

फोंडेकर
काल इथे एकाने लिहिलं: "वायरिंगच्या तपासणी अहवालात ‘मर्यादा’, म्हणजे काय तपासलं नाही ते, लिहिणं हा कामचुकारपणा आहे. पैसे पूर्ण घेता, तर तपासणीही पूर्ण करा." हे मला अजिबात पटलेलं नाही.

पणजीच्या फोंतेन्हासमधलं जुनं घर घ्या. चिऱ्याच्या भिंती, लाकडी बॅटनवरून गेलेली रबरी वायर. जंक्शन बॉक्स उघडून ती वायर जरा वाकवली की रबराचा भुगा होतो आणि आतलं तांबं उघडं पडतं. म्हणजे धड चाललेलं सर्किट तपासणीनेच बिघडतं. तिथे बॉक्स उघडायचा नाही, पण उघडला नाही हे लिहायचं. न लिहिता ‘समाधानकारक’ म्हणणं हा खोटा दाखला आहे.

नव्या घरातही तेच. बऱ्याच सर्किटवर एलईडी ड्रायव्हर (एलईडी दिव्यांना वीज देणारी छोटी सर्किट) असतात. फेज आणि न्यूट्रलमध्ये 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावला तर ते जळू शकतात. म्हणून सर्ज अरेस्टर (अचानक वाढलेला व्होल्टेज अडवणारं उपकरण) सोडवून, फेज-न्यूट्रल एकत्र जोडून अर्थशी मोजतात. 1 मेगओमच्या वर रीडिंग आलं तर अर्थकडचं इन्सुलेशन ठीक, एवढंच कळतं. फेज-न्यूट्रलमधलं मोजलेलंच नसतं. ते घरमालकाला कळायला नको?

बार्देशकर
पोस्ट माझी आहे आणि मी ती मागे घेत नाही. जुन्या घरांचं सोडा, किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे अहवाल काढून वाचा. ‘फॉल्स सीलिंगवरील वायरिंग तपासता आले नाही. काही सर्किट बंद करता आली नाहीत.’ कुठली सर्किट? का नाही? सीलिंगचा ट्रॅपडोर चार स्क्रूंवर असतो. किचनचा डीबी (वीजवाटपाचा बोर्ड) दुपारचं जेवण आटोपल्यावर अर्धा तास मिळतो, आदल्या दिवशी विचारून ठेवावं लागतं इतकंच.

आणि बिघडतं नेमकं तिथेच. खाऱ्या हवेने न्यूट्रल लिंकचे, म्हणजे न्यूट्रल वायरी जोडायच्या पट्टीचे, स्क्रू हिरवे पडतात, सांधा तापू लागतो, वायरचं टोकाकडचं इंचभर इन्सुलेशन काळं आणि कडक होतं. नखाने दाबलं तर तडकतं. झाकण न काढता हे दिसणार कसं? झाकण न काढणाऱ्याला तुम्ही एक रकाना देऊन मोकळं करता, माझा राग त्याचा आहे.

सासष्टीची सुपरवायझर
बार्देशकरबाब, मग राग अर्धवट लिहिण्यावर काढा, लिहिण्यावर का काढता? ब्रिटिश वायरिंग मानक बीएस 7671 च्या अहवालाच्या नमुन्यात मर्यादा काय, तिचं कारण काय आणि ती कोणाशी ठरवून मान्य केली, हे तिन्ही भरावं लागतं. आपल्याकडेही तसंच लिहा: ‘डीबी-2, सर्किट 7, डीप फ्रीझर. इन्सुलेशन चाचणी नाही. माल खराब होईल म्हणून व्यवस्थापकांनी सप्लाय बंद करू दिला नाही. आरसीसीबीचं (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) फक्त टेस्ट बटण दाबलं, 30 मिलीअँपिअरला किती मिलीसेकंदांत सुटतो ते मोजलं नाही.’ हे वाचून पुढच्या माणसाला नेमकं काय राहिलंय ते कळतं.

एक मात्र पक्कं. डोळ्यांना दिसलेला दोष मर्यादेत ढकलायचा नाही. सॉकेट जळका दिसला तर तो दोष, मागची वायर पाहिली असो वा नसो.

सत्तरीकर
सगळ्यात मोठी मर्यादा तर कोणी लिहीतच नाही: अर्थ पिटचा (अर्थिंगच्या खड्ड्याचा) रेझिस्टन्स कुठल्या महिन्यात मोजला. जुलैत जमीन चिंब असते, रीडिंग छान, म्हणजे कमी, येतं. तोच पिट मे महिन्यात जांभा सुकल्यावर कितीतरी पट वर जातो. 1956 च्या विद्युत नियमांत नियम 61 होता, कोरड्या हंगामात कोरड्या दिवशी मोजा म्हणून. अहवालात निदान ‘पावसाळ्यात मोजले’ एवढे दोन शब्द लिहा.

फोंडेकर
तो नियम पुरवठादाराच्या अर्थिंगसाठी होता, घरमालकाच्या नव्हे. विषय मर्यादांचा आहे, तो मोसमावर कशाला नेता? क्लॅम्प मीटर (अर्थच्या वायरभोवती चिमट्यासारखा बसणारा मीटर) लावला की रीडिंग मिळतं.

सत्तरीकर
हेच! क्लॅम्प मीटर लूप, म्हणजे करंट फिरून परत येतो ते पूर्ण कडं, मोजतो, पिट नव्हे. दोन पिट पट्टीने जोडलेले असतील आणि क्लॅम्प त्या धातूच्या कड्यात बसला, तर मातीचा संबंधच येत नाही, तरी मीटर अर्ध्या ओमच्या खाली दाखवतो. एकट्या पिटला परतीचा मार्गच नसेल तर रीडिंग येणारच नाही. तुम्ही इतकी वर्षं हे काम करता आणि तरी असं लिहिता, याचं वाईट वाटतं.

फोंडेकर
वय काढू नका. पिटपासून दूर जमिनीत दोन स्पाइक (लोखंडी खुंट्या) ठोकून मोजायला मलाही येतं. पण त्यासाठी पिट इन्स्टॉलेशनपासून सोडवावा लागतो आणि तेवढा वेळ घर अर्थशिवाय राहतं, म्हणजे मेन बंद करणं आलं. टेस्ट लिंक (चाचणीसाठी सोडवता येणारा जोड) नसेल, नट गंजून बसला असेल, तर तो सोडवायचा कसा?

सासष्टीची सुपरवायझर
मग ‘टेस्ट लिंक नसल्याने पिट वेगळा करून मोजला नाही’ असं लिहायचं. सत्तरीकरांचं इथे बरोबर आहे. मोजण्याची पद्धत आणि तारीख नसेल तर ओमचा आकडा वाचायचा कसा?

बार्देशकर
ठीक आहे. जागा, कारण, परवानगी नाकारणाऱ्याचं नाव आणि राहिलेली चाचणी कधी होणार, हे असेल तर मर्यादा मान्य. ‘तपासता आले नाही’ एवढ्यावर सही असेल तर मी तो अहवाल परत पाठवणार, मग कोणी कितीही रागावो.

पण सत्तरीकर, चिऱ्यांच्या अंगणात स्पाइक आत जातो कुठे? चार बोटांवर दगड लागतो. की तीही मर्यादाच?

सत्तरीकर
ती मर्यादा नव्हे. ठोकायचा नाही, आडवा ठेवायचा. खाली-वर ओलं गोणपाट, त्यावर पाणी, आणि दहा मिनिटं मुरू द्यायचं. मीटरवर स्पाइकचा रेझिस्टन्स जास्त असल्याची खूण दिसली तर आणखी पाणी ओता. लांबचा स्पाइक पिटपासून 30-40 मीटरवर, मधला त्या अंतराच्या साधारण 62 टक्क्यांवर. मग मधला थोडा मागे-पुढे सरकवून पाहा, रीडिंग फार हललं तर लांबचा आणखी दूर न्या. पाणी फक्त स्पाइकला. मोजण्याआधी पिटमध्ये बादली ओतलीत तर त्या रीडिंगला काही अर्थ नाही.