मदत हवी आहे: विरोधकाला पटणे हीच युक्तिवादाची खरी कसोटी का?

नमस्कार. वादविवाद स्पर्धेसाठी गुणदानाचे निकष लिहिताना मी एका प्रश्नावर अडलो आहे. आपल्याच बाजूचे लोक कच्च्या मुद्द्यालाही माना डोलावतात, म्हणून विरोधकाला पटेल तोच युक्तिवाद खरा, असे मी प्रथम लिहिले होते. पण १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या एका प्रसूतिकक्षात तिथले डॉक्टर सेमेलवाइस यांनी इतर डॉक्टरांना क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुवायला लावल्यावर बाळंतिणींच्या मृत्यूंचे प्रमाण काही महिन्यांत सुमारे १८ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास आले, तरीही अनेक नामवंत डॉक्टरांना ते पटले नाही, हे आठवले आणि मी ते वाक्य खोडले. (गोड बोलून चुकीची गोष्ट गळी उतरवणारेही असतातच.)

न्यायदर्शनात (तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात) तत्त्वनिर्णयासाठीचा वाद आणि जिंकण्यासाठीचा जल्प वेगळे मानले आहेत. त्या धर्तीवर, ‘माझे म्हणणे तुम्ही बरोबर मांडलेत’ एवढे विरोधकाने कबूल करावे, इतकीच कसोटी ठेवावी असे मला आता वाटते. मात्र हट्टाने अडून बसलेला विरोधक आणि ज्याच्या शंकेला खरोखरच उत्तर मिळालेले नाही असा विरोधक, यांतला फरक परीक्षकाने कसा ओळखावा? असे निकष कोणी प्रत्यक्ष वापरले असल्यास कृपया सांगावे.