कोड उघडा असणं म्हणजे नेमकं काय उघडं असणं?

अर्धविराम (धागाकर्ती):

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक गोष्ट गेले काही महिने डोक्यातून जात नाहीये, ती इथे मांडते. पटलं नाही तर जरूर सांगा, मला वाद हवाच आहे.

आम्हाला कोड लिहायला शिकवतात, वाचायला कोणी शिकवत नाही. साहित्य शिकणारा मुलगा स्वतःची पहिली कथा लिहिण्याआधी शंभर कथा वाचून बसलेला असतो. आम्ही मात्र दुसऱ्याने लिहिलेला हजार ओळींचा एकही प्रोग्राम न वाचता दोन वर्षं पार करतो. परीक्षेत कोरा कागद मिळतो आणि सगळं पहिल्या ओळीपासून लिहायचं असतं.

मागच्या सेमिस्टरला प्रोजेक्टमध्ये आम्ही तारखा वाचणारी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी (कोणालाही वाचता, बदलता येईल असा तयार कोड) वापरत होतो. २९ फेब्रुवारी मध्ये आला की हिशेब एक दिवसाने चुकायचा. तीन दिवस आम्ही आमच्याच कोडमध्ये चूक शोधली. चौथ्या दिवशी, दुसरं काही सुचेना म्हणून, लायब्ररीचा सोर्स उघडला. अनोळखी माणसाच्या घरात पाऊल टाकावं तसं वाटलं. एका फंक्शनच्या डोक्यावर लेखकाने लिहून ठेवलं होतं, ‘लीप वर्षाचं इथे नीट तपासलेलं नाही.’ शंका त्याला होती, आणि ती त्याने लपवली नव्हती. मी दोन ओळी बदलून पाठवल्या. अकरा दिवसांनी उत्तर आलं, ‘टेस्ट लिहा, मग घेतो.’ टेस्ट, म्हणजे बदल बरोबर चालतो का हे तपासणारा कोड, लिहायला त्या दोन ओळींच्या चौपट वेळ लागला, पण बदल आत गेला. ज्या वस्तूवर मी विसंबून होते तिला मला हात लावता आला, हे माझ्यासाठी फार मोठं होतं.

आता याच्या नेमकं उलट उदाहरण. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून शाखांच्या हिशेबासाठी होरायझन ही फुजित्सू कंपनीने चालवलेली संगणक प्रणाली आणली. प्रणाली तूट दाखवायची, उपडाकपाल म्हणायचे की आम्ही पैशाला हात लावलेला नाही. २०१५ पर्यंत ९०० हून जास्त लोकांना होरायझनच्या आकड्यांच्या आधारावर दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, कित्येकांनी न झालेली तूट स्वतःच्या खिशातून भरली. इंग्लंडमध्ये पूर्वी संगणकाचा पुरावा देणाऱ्याला तो संगणक नीट चालत होता हे दाखवावं लागे. १९९९ च्या कायद्याने ती अट काढली. म्हणजे संगणक बरोबर हे गृहीतच, आणि शंका उभी करायची जबाबदारी आरोपीवर, ज्याला आत डोकावायची सोयच नाही. प्रणालीत बग (चुका) होते हे न्यायालयाने मान्य केलं ते डिसेंबर २०१९ मध्ये.

म्हणून माझं म्हणणं असं. माणसांबद्दल निवाडा करणारा कोड उघडाच असला पाहिजे, मग तो निवाडा पैशांचा असो, गुणांचा किंवा शिक्षेचा. आणि दुसऱ्याचा उघडा कोड वाचून त्यात काहीतरी भर घालणं हे अभ्यासक्रमात सक्तीचं, गुणांसहित असावं.


जुना_कंपायलर:

वीस वर्षं या धंद्यात आहे. तुमची तळमळ खरी आहे, पण पायाच डळमळीत आहे. उघडा कोड कोणीतरी वाचतं, असं तुम्ही धरून चालला आहात. वाचत नाही.

हार्टब्लीड नावाच्या चुकीचंच बघा. ओपनएसएसएल ही माहिती सांकेतिक करून पाठवणारी लायब्ररी म्हणजे वेबवरच्या बऱ्याचशा कुलपांची किल्ली. मार्च २०१२ च्या आवृत्तीत एक चूक गेली: समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे की नाही हे न तपासताच तेवढी मेमरी परत पाठवायची. पासवर्ड, खाजगी किल्ल्या, जे त्या जागी असेल ते बाहेर. कोड सगळ्या जगासमोर उघडा होता, आणि चूक सापडली एप्रिल २०१४ मध्ये. त्या वेळी या प्रकल्पावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एक होता आणि वर्षाच्या देणग्या जेमतेम २००० डॉलर. उघडं आहे म्हणजे कोणीतरी बघत असेल, असं प्रत्येकानेच धरलं.

आणि एक्सझेड या फायली लहान करणाऱ्या ओपन सोर्स प्रकल्पाचं २०२४ चं प्रकरण तर याहून बोलकं आहे. ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी दोनेक वर्षं चांगली कामं करून थकलेल्या मेंटेनरचा (प्रकल्प सांभाळणाऱ्याचा) विश्वास मिळवला, मग आवृत्ती काढायचे अधिकार मिळवले आणि चोरवाट घातली. तीही कुठे? टेस्टच्या फायलींमध्ये दडवलेली, आणि ती जागी करणारी ओळ रिपॉझिटरीत (प्रकल्पाचा कोड उघडा ठेवतात त्या जागी) नव्हतीच. फक्त वाटायला काढलेल्या आवृत्तीच्या गाठोड्यात, कोडपासून प्रोग्राम तयार करणाऱ्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये होती. तुम्ही रिपॉझिटरी अक्षर न् अक्षर वाचली असती तरी ती ओळ तुम्हाला दिसली नसती.


अर्धविराम:

एक्सझेडबद्दल तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दुसऱ्या संगणकात दुरून शिरायची सोय) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच दिसलं. ते मागे मागे जात राहिले आणि २९ मार्चला त्यांनी सगळ्यांना सावध केलं. बंद प्रणाली असती तर त्यांना कंपनीला तक्रार पाठवून गप्प बसावं लागलं असतं. त्यांना शेवटपर्यंत जाता आलं ते वाट उघडी होती म्हणूनच. वाचणारे कमी आहेत हे मान्य. म्हणून तर मी वाचायला शिकवा म्हणतेय.


दुसरीबाजू:

सक्तीचं योगदान? कृपा करून नको. मी एका मध्यम आकाराच्या प्रकल्पाची मेंटेनर आहे, नोकरी सांभाळून. ऑक्टोबर २०२० मध्ये काय झालं ते आठवतंय का कोणाला? हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट (आमचा बदल आत घ्या अशा विनंत्या) पाठवल्या की टीशर्ट मिळायचा. लोकांनी रीडमीत (प्रकल्पाच्या ओळखपत्रकात) एखादा शब्द घुसडून हजारो पुल रिक्वेस्ट पाठवल्या. शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला की ज्या प्रकल्पाला हवं असेल त्यानेच भाग घ्यावा. टीशर्टसाठी हे झालं, तर गुणांसाठी काय होईल? प्रत्येक फुटकळ बदल उघडून, वाचून, नम्रपणे नाही म्हणायला मला वीस मिनिटं लागतात. ती माझ्या झोपेतून जातात.

दुसरं, पैशाचं कोणीच बोलत नाहीये. इंग्रजीत फ्री या एकाच शब्दामुळे घोळ होतो, म्हणून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणाऱ्या स्टॉलमन यांना जन्मभर समजावत बसावं लागलं की मी स्वातंत्र्याबद्दल बोलतोय, किमतीबद्दल नाही. आपल्याकडे मुक्त आणि फुकट असे दोन स्वच्छ शब्द आहेत. तरीही व्यवहारात सगळे फुकटच समजतात. इलॅस्टिक या सॉफ्टवेअर कंपनीने २०२१ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये कोड वापरायचा परवाना आवळला, तो मोठ्या क्लाउड कंपन्या आमच्या कामावर कमावतात हे सांगत. विद्यार्थ्यांचे फुकट हात जोडले की हा प्रश्न सुटत नाही, आणखी वाढतो.


अर्धविराम:

सक्तीचा मुद्दा मी मागे घेते. हे लिहिताना समोरच्या माणसाच्या वीस मिनिटांचा मी विचारच केला नव्हता. मला ज्याने ‘टेस्ट लिहा’ म्हणून सांगितलं त्यानेही ते कुठूनतरी वेळ काढूनच सांगितलं असणार. वाचन सक्तीचं असू दे, पाठवणं नको.

पैशाबद्दल मात्र सहमत नाही. लिनस टॉरवाल्ड्स विद्यार्थी असताना, १९९१ मध्ये, त्यांनी लिहिलेल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वाटायला मनाई होती. १९९२ मध्ये त्यांनी ती काढून जीपीएल हा परवाना घेतला: पैसे कमवा, पण बदल करून वाटलंत तर तो बदलही उघडा ठेवा. कमावणाऱ्यांना दार उघडल्यामुळे काम आटलं नाही. २०१७ पासून जगातले पहिले ५०० सुपरकॉम्प्युटर सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही कंपन्याही पुढे एजीपीएल हा जीपीएलच्याच घरातला परवाना घेऊन ओपन सोर्सकडे परत आल्या, इलॅस्टिक २०२४ मध्ये, रेडिस २०२५ मध्ये.


दुसरीबाजू:

लिनक्सवर काम करणाऱ्या बहुतेकांना त्यांच्या कंपन्या पगार देतात. मला कोणी देत नाही. जीपीएल कोड परत आणतो, भाडं भरत नाही. शिखरावरचं उदाहरण घेऊन पायथ्याच्या लोकांना समजावू नका.


कळफलक:

थोडं वेगळं. हा धागा वाचताना ‘स्वातंत्र्य’मधली जोडाक्षरं तुम्हाला नीट दिसली ना? अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांत हे काम बहुतेक वेळा हार्फबझ नावाची एक ओपन सोर्स लायब्ररी करते. कुठल्या अक्षरामागे कोणतं आलं की कोणता आकार घ्यायचा, पहिली वेलांटी उच्चारात नंतर असली तरी कागदावर आधी कशी आणायची, हे सगळं तिच्यात लिहिलेलं आहे. मी त्यातला काही भाग वाचलाय. आपल्या लिपीचे नियम कोणीतरी इतक्या निगुतीने कोडमध्ये उतरवलेत हे बघून मला भरून आलं होतं. फायद्याचं गणित जुळलं नाही म्हणून जी भाषा कंपनी सोडून देईल, तिचे बोलणारे इथे स्वतः जाऊन दुरुस्ती करू शकतात. म्हणून ‘कोणी वाचत नाही’ हे मला अर्धंच खरं वाटतं. ज्याचं अडतं तो वाचतो.


पायवाट:

मी प्रोग्रामर नाही, वकिली करते. होरायझनचं उदाहरण तुम्ही चुकीच्या जागी वापरलंय असं मला वाटतं.

समजा कोड उघडा असता. शाखा चालवणाऱ्या त्या माणसांनी त्याचं काय केलं असतं? लाखो ओळी कोण वाचणार, आणि तज्ज्ञाची फी कोण देणार? त्यांच्यापैकी ५५० हून जास्त जण एकत्र येऊन लढले, तेव्हा निकाल फिरवला तो कोडच्या ओळींनी नव्हे. फुजित्सूकडे माहीत असलेल्या चुकांची नोंदवही होती. अमुक परिस्थितीत अमुक शाखेत आकडा चुकतो, असं कर्मचाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलेलं. शाखेच्या खात्यात बाहेरून बदल करता येतो, हेही आतल्या लोकांना ठाऊक होतं. ज्यांच्यावर खटले चालले त्यांना मात्र यातलं काहीच दाखवलं गेलं नव्हतं.

कोड उघडा असावा ही मागणी शेवटी प्रोग्रामरची प्रोग्रामरसाठी आहे. कोर्टात उभ्या राहिलेल्या माणसाला कोड नको असतो. ‘ही अडचण तुमच्या एकट्याची नाही’ एवढा एक कागद हवा असतो. होरायझनमध्ये प्रत्येकाला वाटायचं की हे फक्त आपल्याच शाखेत घडतंय.


अर्धविराम:

पायवाट, तुमचा प्रतिसाद मी दोन दिवस घेऊन बसले होते.

मी माझी स्वतःचीच गोष्ट चुकीची वाचली होती. त्या लायब्ररीत मला वाट सापडली ती फंक्शनमुळे नाही, त्यावरच्या एका ओळीच्या कबुलीमुळे. फंक्शन वाचून मला काहीच कळलं नव्हतं. मग लक्षात आलं की आम्ही वापरतो त्या बहुतेक प्रकल्पांत कोडच्या शेजारी इश्यूंचं पान असतं. कोणाला कधी काय नडलं, अजून दुरुस्त झालं की नाही, सगळं तारखेसहित आणि कोणालाही दिसेल असं. ते वाचायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. ‘माझ्याकडेही असंच होतंय’ म्हणून खाली लिहिता येतं.

तर माझं म्हणणं बदलते. निवाडा करणाऱ्या प्रणालीचा कोड उघडा असावाच, पण त्याआधी तिच्या माहीत असलेल्या चुकांची यादी उघडी असावी. कोडवर व्यापारी गुपित म्हणून पांघरूण घालता येईल. चुकीला गुपित कसं म्हणणार?


जुना_कंपायलर:

म्हणता येतं, आणि ओपन सोर्सवालेही म्हणतात. सुरक्षेची चूक सापडली की कोणताही शहाणा प्रकल्प ती आधी उघड्या पानावर टाकत नाही. गुपचूप कळवा, दुरुस्ती तयार करा, मग जाहीर करा, असाच शिरस्ता आहे. शिवाय चुकांच्या नोंदीत ग्राहकाची नावं, खाती, रकमा असतात. सरसकट उघडायला लागलात तर ज्यांना वाचवायचंय त्यांचंच नुकसान कराल. आणि एक धोका सांगतो: यादी उघडी राहणार म्हटल्यावर कर्मचारी चुका लिहायचेच थांबतील. फुजित्सूची नोंदवही खरी होती, कारण ती बाहेर जाणार नाही असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं.


पायवाट:

शेवटचा मुद्दा वजनदार आहे. पण कारवाई करणाऱ्याने यादी आधीच समोर ठेवावी एवढी अट तरी घालता येईल ना? सगळ्या जगासमोर नको. ज्याच्यावर त्या आकड्याने आरोप होतोय त्याच्यासमोर.


अर्धविराम:

नावं झाकता येतात, सुरक्षेच्या चुकीला दुरुस्तीपर्यंतची मुदत देता येते. हार्टब्लीड काही दिवसांत जाहीर झाली, होरायझनच्या नोंदी वर्षानुवर्षं कपाटात राहिल्या. मुदत आणि दडपणं यांत फरक आहे. पण उघडी यादी असली की लोक लिहायचे थांबतील, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. कारण मी स्वतः तेच केलंय.

आमचं प्रोजेक्ट हजेरी मोजतं आणि कमी भरणाऱ्यांची यादी काढतं. म्हणजे छोटासा का होईना, निवाडाच. त्यात माहीत असलेल्या चार चुका आहेत. डेमोच्या वेळी दिसू नयेत म्हणून आम्ही रिपॉझिटरीतलं इश्यूंचं पान बंद करून टाकलं होतं. काल ते चालू केलं. चारही चुका लिहिल्या. त्यातल्या एकीमुळे बॅच बदललेल्या मुलांची हजेरी कमी दिसते, तेही साध्या भाषेत लिहिलं. ग्रुपमधले दोघं नाराज आहेत.


दुसरीबाजू:

हे आवडलं. आता मेंटेनर म्हणून एकच विचारते. तुम्ही पास होऊन गेल्यावर ते पान कोण बघणार?


अर्धविराम:

शेवटच्या सेमिस्टरपर्यंत मी. त्यानंतर कोण, ते अजून ठरलेलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या दोघींशी बोलणं चालू आहे. तोवर रीडमीच्या पहिल्या ओळीत तारीख टाकून ठेवलीये, की या दिवसानंतर इथल्या आकड्यांवर कोणावरही कारवाई करू नये.