मदत हवी आहे: घरचे व्हिडिओ जोडायला सोपं सॉफ्टवेअर सांगा (घाई आहे!)

अबोली_ठाणे
बाबांचं सहस्रचंद्रदर्शन या महिनाअखेरीला आहे. हॉलमध्ये जेवणाआधी वीसेक मिनिटांची फिल्म दाखवायची असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं आणि काम आलं माझ्या गळ्यात. आईबाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं शूटिंग, दादाने अमेरिकेतून पाठवलेल्या क्लिप, आत्या-मावश्यांच्या शुभेच्छा असं सगळं जोडायचंय. पूर्वीचा मूव्ही मेकर किती सुटसुटीत होता, तो आता मिळतच नाही. एक नावाजलेलं सॉफ्टवेअर उतरवलं, जागून सगळं लावलं, तर सेव्ह करताना बाबांच्या तोंडावरच कंपनीचा शिक्का. काढायचा तर पैसे भरा म्हणे. फुकट, बिनशिक्क्याचं आणि मला जमेल असं एकच नाव सांगा. यादी नको.

कटिंगचहा
विंडोज की मॅक? रॅम किती? क्लिप कुठल्या फॉरमॅटमध्ये? मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने २०१७च्या जानेवारीतच बंद केला. इकडच्या तिकडच्या साइटवर त्याच नावाने जे मिळतं ते उतरवू नका.

अबोली_ठाणे
साधा लॅपटॉप आहे हो. आणि क्लिप म्हणजे व्हिडिओच, नेहमीचे.

पिक्सेलपंत
डाविंची रिझॉल्व्ह. बाकी कशाकडे बघूच नका. फुकट आवृत्तीतही ४के निघतं, शिक्का नाही. कलर ग्रेडिंग, म्हणजे दृश्याचे रंग जुळवणं, तर सिनेमावाले यातच करतात.

तिखटमीठ
पंत, आत्याच्या शुभेच्छांना कलर ग्रेडिंग कशाला? साध्या लॅपटॉपवर तुमचं डाविंची उघडेस्तोवर हॉलमधली पंगत उठेल.

पिक्सेलपंत
शिकायचंच तर चांगलं शिकावं. यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. आठवडाभरात येतं.

तिखटमीठ
त्यांना शिकायचं नाहीये, फिल्म दाखवायची आहे.

मुळशीकाका
जुनं शूटिंग कॅसेटवर असेल तर आधी त्याला बुरशी आलीय का ते पाहावे. पांढरी पूड दिसली तर व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नये, हेड खराब होते. मिनी डीव्ही (छोटी डिजिटल कॅसेट) असेल तर फायरवायर केबलने संगणकात घ्यावे, तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. माझ्याकडे मुंजीची कॅसेट आहे, कुणाकडे चालू कॅमकॉर्डर असल्यास कळवावे.

अबोली_ठाणे
काका, कॅसेट नाही, तिची डीव्हीडी केलेली आहे. आणि भाच्याने बघून सांगितलं: विंडोज १०, आय-थ्री, ४ जीबी रॅम. दादाच्या क्लिपचा फक्त आवाज येतो, चित्र काळं. त्याच्याकडे तर सगळं नीट दिसतंय म्हणतो.

कटिंगचहा
हे आधी सांगितलं असतंत तर पंतांचे श्रम वाचले असते. ४ जीबीवर डाविंचीचं नाव काढू नका. त्यात डीव्हीडीच्या व्हीओबी फायली थेट उघडतही नाहीत.

दादाकडे आयफोन असणार. तो एचईव्हीसी या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करतो आणि विंडोजवर त्याचा कोडेक (तो फॉरमॅट उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर) नसला की असं काळं दिसतं. दादाला सांगा, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅटला 'मोस्ट कम्पॅटिबल' करून पुढचं शूट कर. आलेल्या क्लिप हँडब्रेक या फॉरमॅट बदलणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमधून काढा: फॉरमॅट एच.२६४, आणि फ्रेम रेटला (सेकंदाला किती चित्रं) 'कॉन्स्टंट' निवडा. फोनचा फ्रेम रेट वरखाली होत असतो, म्हणून तर ओठ आणि आवाज यांची चुकामूक होते.

सॉफ्टवेअर म्हणाल तर शॉटकट. फुकट, शिक्का नाही, व्हीओबी घेतं. सेटिंगमध्ये प्रॉक्सी चालू केली की काम करताना हलक्या प्रती वापरतं, मग तुमचा लॅपटॉपही तग धरेल. शिकायचं एवढंच: 'एस' दाबलं की क्लिप कापते, एक क्लिप दुसरीवर थोडी सरकवली की एकातून दुसरी उमलते.

सोलकढी
एवढा खटाटोप कशाला, फोनवर करा! मी गणपतीचा व्हिडिओ व्हीएन अ‍ॅपवर केला, शिक्का नाही काही नाही.

तिखटमीठ
डीव्हीडी फोनमध्ये कुठल्या फटीतून घालायची?

सोलकढी
मी फक्त सुचवलं. इथे कुणी काही सांगितलं की लगेच टोमणा.

रिकामा_मळा
विंडोज ११ असतं तर क्लिपचॅम्प हे व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर आयतंच मिळतं. नवीन लॅपटॉप घ्या ना, विंडोज १०चा सपोर्ट तसाही संपलाय. आणि चांगला कॅमेरा घ्यायचा तर मिररलेसच घ्या.

अबोली_ठाणे
कॅमेरा कुणी मागितलाय? शॉटकट टाकलं. दादाची एक क्लिप नमुन्याला हँडब्रेकमधून काढली, दिसायला लागली, आवाजही जुळला. पण ती शॉटकटमध्ये टाकल्यावर सगळी फिल्मच उभी झाली! मावशी मधल्या चिंचोळ्या पट्टीत आणि तिच्या वरखाली नुसतं काळं.

कटिंगचहा
व्हिडिओ मोड 'ऑटोमॅटिक' ठेवला की पहिली क्लिप जशी, तशी अख्खी फिल्म होते. तुम्ही पहिली टाकलीत फोनवरची उभी. नवीन प्रोजेक्ट घ्या आणि काहीही टाकण्याआधी एचडी १०८०, २५ फ्रेम निवडा. आपल्याकडच्या जुन्या शूटिंगची डीव्हीडी पाल या टीव्ही-पद्धतीची असते, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमचीच. तिच्या डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. ताणून पडदाभर केलंत तर सगळे नातेवाईक आडवे सुटलेले दिसतील.

सगळ्या क्लिप एकाच फोल्डरमध्ये ठेवा. प्रोजेक्टच्या फायलीत फक्त पत्ते असतात, व्हिडिओ नसतात. पेनड्राइव्ह काढला की क्लिप हरवल्या म्हणून बोंब होते.

पिक्सेलपंत
देवनागरी टायटल टाकून बघा आधी. 'सहस्रचंद्रदर्शन'मधली जोडाक्षरं कुठेकुठे फुटतात. फुटली तर पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड करून ती चित्र म्हणून सेव्ह करा आणि टाइमलाइनवर ठेवा. हे डाविंचीतही चालतं.

तिखटमीठ
आलेच परत डाविंचीवर. पण टायटलची युक्ती खरंच कामाची आहे.

गोरेगावकरीण
जुनी गाणी घालणार असाल तर हॉलपुरतं ठीक. यूट्यूबवर चढवलंत तर कॉपीराइटचा क्लेम येऊ शकतो. बाय द वे, सहस्रचंद्रदर्शनाला ठाण्यात गुरुजी ठरलेत का? नसतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कटिंगचहा
आणि ती पूर्ण झालेली फिल्म व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, चुरा होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हॉलवाल्यांचा टीव्ही पेनड्राइव्हवरून एमपी-४ चालवतो का ते आदल्या दिवशीच लावून बघा. पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसणार नाही.

अबोली_ठाणे
गुरुजी ठरलेत, धन्यवाद. टायटल नीट उमटलं. आता फक्त पंचविसाव्या वाढदिवसाची डीव्हीडी उरलीय, आणि या लॅपटॉपला डीव्हीडी घालायची जागाच नाही.

मुळशीकाका
म्हणून म्हणतो कॅसेट जपून ठेवाव्यात.

कटिंगचहा
ज्यांच्याकडे जुना डेस्कटॉप आहे असं कुणीतरी सोसायटीत निघेलच. तिथे 'व्हिडिओ_टीएस' हा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. आत व्हीओबीचे साधारण एकेक जीबीचे तुकडे असतील, ते क्रमाने शॉटकटमध्ये ओढा. सांध्यावर आवाज अडखळला तर इथेच लिहा, मेकएमकेव्हीने सगळे एकत्र कसे करायचे ते सांगतो.