पेरणी, कापणी आणि मधला काळ : तुमचे अनुभव लिहा

आमच्या अहिल्यानगर भागात रब्बीची ज्वारी पेरली की चार-साडेचार महिन्यांत काढणीला येते. माणसाच्या वागण्याचं पीक कधी येईल, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातलं ६:७, माणूस जे पेरतो तेच कापतो, आपल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण दोनच वचनं पुढे पत्र लिहिणारा पौल म्हणतो की चांगलं करायचा कंटाळा करू नका, पीक 'यथाकाळी' पदरी पडेल. त्या 'यथाकाळी'बद्दल लिहा. सुरुवात मी करते.

आबा आणि चुलत्यांचं बांधावरून बोलणं तुटलं होतं. तरी दर पौषात आबा त्यांच्या घरी हुरड्याची पाटी पाठवायचे. पाटी तशीच परत यायची. आई चिडायची, आबा पुढच्या वर्षी पुन्हा पाठवायचे. अशी १४ वर्षं गेली आणि आबा वारले. समेट झालाच नाही. त्यानंतरच्या पेरणीला चुलतभाऊ न बोलावता ट्रॅक्टर घेऊन आला आणि आमचं तीन एकर पेरून गेला. चुलते बांधावर बसून होते. आईशी ते अजून बोलत नाहीत. पण एक पेरतो आणि दुसरा कापतो, हे योहानाच्या शुभवर्तमानातलं वाक्य मला त्या दिवशी कळलं.

वसईहून
माझं पीक वाईट आहे, तरी लिहितो. पतपेढीचा माणूस हप्त्यासाठी यायचा, तेव्हा मी पोराला दारात पाठवायचो, 'सांग, पप्पा घरी नाहीत.' तो सात वर्षांचा होता. एकोणिसाव्या वर्षी त्याने दोन सेमिस्टर नापास झाल्याचं आमच्यापासून लपवलं. मी ओरडलो, तर शांतपणे म्हणाला, 'दारात खोटं बोलायला मला कुणी शिकवलं?' फादरांकडे जाऊन पापनिवेदन केलं. क्षमा मिळाली. पण पोराचा विश्वास मलाच पुन्हा मिळवायला लागतोय. हल्ली पैसे नसले की त्याच्यासमोर फोन उचलून 'आज जमणार नाही' असं खरं सांगतो.

सोलापूरहून
मला या वचनाची भीती वाटायची. मुलगी जन्मतः ऐकू न येणारी. महिला मंडळात एका ताईंनी माझा हात धरून, अगदी मायेने विचारलं, 'लग्नाआधी काही चुकलं होतं का गं? जे पेरतो तेच उगवतं.' त्यानंतर वर्षभर मी मंडळात गेले नाही.

आमच्याकडच्या एक म्हाताऱ्या बायबलबाई, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल शिकवणाऱ्या, घरी यायच्या. त्यांनी मला ईयोब, म्हणजे दोष नसताना दुःख भोगणाऱ्या माणसाचं बायबलमधलं पुस्तक, वाचायला लावलं. चौथ्या अध्यायात ईयोबाचा मित्र अलीफज त्याला नेमकं हेच म्हणतो, अधर्म नांगरणारे आणि कष्ट पेरणारे तेच कापतात. आणि शेवटी, ४२व्या अध्यायात, देव अलीफजावरच रागावतो! मग योहान ९ उघडला. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला ते पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. मी रडले, किती रडले ते सांगत नाही. पेरणीचं वचन स्वतःच्या हाताकडे बघायला दिलंय, दुसऱ्याच्या लेकराकडे बोट दाखवायला नाही.

मुलगी आता नववीत आहे. घरात आम्ही चौघंही हातवाऱ्यांची भाषा शिकलो.

पुण्याहून
थोडक्यात लिहितो. 'बी म्हणून पैसे पाठवा, शंभरपट मिळेल' असं ऐकून मी पगारातले पैसे पाठवत राहिलो आणि घरभाडं थकलं. २ करिंथ ९ मधलं सढळ हाताने पेरणं यरुशलेमेतल्या गरिबांच्या वर्गणीबद्दल आहे, हे नंतर वाचलं. आता महिन्याला शेजारच्या आजींची औषधं आणतो. त्यातून काही परत यावं अशी अपेक्षा नाही.

पुन्हा मी
सोलापूरच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'यंदा हुरडा निघाला की पाटी मीच घेऊन जाते.'